म्हातारीची धार

डोमाजी चहा पिण्याआधी तो ओतताना पाहत. टपरीवाल्याने किटली तिरकी केली की हे वाकून, एक डोळा मिटून धारेकडे बघत. धार अखंड पडली तरच कप हातात घेत. मध्येच तुटली तर, "तुह्या तोटीत चायपत्ती अडकून राहिली बे, काडी घाल," असं सुनावून पुढे चालू लागत. दूधवाला असो की रस्त्याकडेचा नळ, डोमाजींचं एकच म्हणणं, "धार पाहा, बाकी मंग."

यात त्यांचा काही दोष नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वैनगंगेच्या काठी आमच्या सरकारी खात्याचं एक लहानसं कार्यालय होतं. मी तिथला कारकून आणि डोमाजी नावेचे चालक. नदीची खोली मोजायला एक नाव होती आणि तिच्या मागे लावायची एक जुनाट मोटर. ही मोटर नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवी आणि त्यातलं थोडं मागच्या बारीक भोकातून बाहेर सोडी. ती धार दिसली की मोटर खुशाल. दिसली नाही तर जीव मुठीत धरायचा. वीस वर्षं रोज तीच धार पाहणारा माणूस किटलीकडे दुसऱ्या कोणत्या नजरेनं पाहणार?

मोटरला ते 'म्हातारी' म्हणत. बायको वारल्यापासून त्यांनी नावेच्या शेडमध्येच खाट टाकली होती. मोटर सुरू केली की तिच्या डोक्यावर पंजा ठेवून ते एक ते दहा आकडे म्हणत. दहापर्यंत हात टिकला की, "ताप नाई!" आठलाच उचलावा लागला की मोटर बंद, आणि आमची जेवणाची सुट्टीही बुडालीच समजा. मग पाणी ओढायच्या तोंडावरच्या जाळीतून निघालेलं शेवाळ पाहायला अख्ख्या कार्यालयाला आमंत्रण असायचं.

एका वर्षी मृगाच्या तोंडावर भंडाऱ्याहून पत्र आलं. मोठे साहेब शनिवारी मोटर तपासणार. धार नीट नसेल तर ती भंगारात काढायची आणि डोमाजींना दूर कुठल्या तरी कालव्याच्या गेटवर पाठवायचं. पत्र मीच वाचून दाखवलं. डोमाजींनी लगेच म्हातारीला पाण्याच्या ड्रममध्ये उभं केलं आणि दोरी ओढली. इंजिन फटफटलं, पण धार काही येईना.

बुधवारी त्यांनी जाळी उघडली, ती लख्ख होती. गुरुवारी पंपातला रबरी पंखा काढला, त्याची पातीही शाबूत. शुक्रवारी तोच पंखा बसवला आणि पुन्हा काढला. गंमत म्हणजे डोक्यावरचा हात आरामात दहापर्यंत टिकत होता. म्हणजे पाणी आत फिरत होतं, खालच्या वाटेनं निघूनही जात होतं, फक्त मागून दिसत नव्हतं. एवढं तर माझ्यासारख्या कारकुनालाही कळलं.

"अहो, मग भोकातच काही अडकलंय. तार घाला की!"

"बाबूजी, तुमी तुमच्या फायली पाहा," डोमाजी करवादले. ते माझ्यावर असे कधीच चिडले नव्हते.

शनिवारी साहेब आले. नाव पाण्यात, म्हातारी तिच्या मागे. मोटरच्या झाकणाखालून एक पारदर्शक नळी बाहेर आली होती, सुतळीनं बांधलेली, आणि तिच्यातून झकास धार पडत होती.

"ही नळी कसली?" साहेबांनी विचारलं.

"सलाईन जी, सायेब. म्हातारी हाये, लावा लागते."

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा वैनगंगेत जाता जाता वाचला. मोटर पास झाली.

जीप गेल्यावर मी झाडूची काडी घेऊन मोटरमागे गेलो. भोकावर मातीची गोल, सुबक गोळी लिंपलेली. कुंभारीण माशीचं घर! मी काडी लावणार तोच डोमाजींनी माझं मनगट धरलं.

"नोका, बाबूजी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून. जाळी, पंखा तं उगाच खोलत होतो, कोनाचं ध्यान भोकाकडे जाऊ नये म्हनून."

"अहो, मोटर गेली असती! गेटवर जाऊन बसला असता! मग काहून नाही काढलं?" रागाच्या भरात मीही त्यांच्यासारखाच बोलून गेलो.

डोमाजी नावेच्या काठावर बसले. "सिहोऱ्याच्या माह्या पोरीले नऊ वर्सानं दिवस गेले जी. तिसरा महिना हाये. कुंभारीण घर बांधते थ्या घरी पाळणा हालते म्हनतात. तिची माय असती तं तिनं मोडू देलं नसतं. आता पोरीचं माहेर म्हनाल तं मी एकटा, अन् माहं घर म्हनाल तं हे शेडच."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"मले काय ठाऊक?" ते नदीकडे पाहत राहिले. "म्हातारीची धार मले दुसरीकडून काढता आली. पोरीसाठी माह्या हाती दुसरं काई नाई."

मला माझी लाज वाटली आणि त्या माणसाचा अतोनात लोभ वाटला. काडी मी नदीत टाकली. मग कार्यालयात जाऊन मोटरच्या वहीत टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'मोटर सुस्थितीत. मागील भोकास कोणीही हात लावू नये. हुकुमावरून.'

हुकूम कोणाचा, ते मी लिहिलं नाही. आणि सरकारी कार्यालय असल्यामुळे कोणी विचारलंही नाही.