दया पगारेचा दाखला आणि सुधारलेला संगणक

कोणतीही सुधारणा झाली की सुधारलेली गोष्ट काही काळ बंद राहते, हा निसर्गनियम आहे. रस्ता सुधारला की वाहतूक वळवतात, नळयोजना सुधारली की टँकर येतो. आमच्या विद्यालयाच्या ऑफिसातला संगणक गेल्या जुलैत एका मंगळवारी साडेदहाला सुधारला आणि दहा चाळीसला बंद पडला.

शाळा श्रीरामपूरपासून सात किलोमीटरवर आहे. मी तिथे चित्रकला शिकवतो. खाली ज्या समितीचा उल्लेख येईल, तिचा सचिवही मीच होतो (अक्षर चांगलं असल्याने).

सुधारणेची गरज आकडेवारीने सिद्ध झाली होती. पूर्वी आमचे क्लार्क जॉर्ज भाऊसाहेब शाळा सोडल्याचा दाखला हाताने लिहीत. वेळ नऊ मिनिटं, पैकी चार पेन शोधण्यात. पुढे संस्थेने ठराव केला, की दाखला संगणकावरच काढायचा आणि हाताने लिहिलेला बाद धरायचा. त्यानंतर वेळ एकतीस मिनिटं झाली, पैकी एकोणीस संगणक जागा होईपर्यंतची. या प्रगतीला गती यावी म्हणून माजी विद्यार्थ्यांनी शाळेला रॅम भेट दिली. रॅम म्हणजे संगणकाची हाताशी लागणारी स्मरणशक्ती. दिसायला कंगव्याएवढी हिरवी पट्टी असते. नारळ फुटला, पट्टीला हळदकुंकू वाहिलं (ती डबीत असतानाच, वरून), आणि संगणक शिकवणाऱ्या हर्षल सरांनी जुनी पट्टी काढून नवी बसवली. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळा राहिला, आणि संगणक थांबून थांबून ओरडू लागला.

त्याच वेळी दया पगारे दारात येऊन उभी राहिली.

दया आमचीच विद्यार्थिनी. सोळा वर्षांपूर्वी दहावी झाली, लगेच लग्न ठरलं आणि दाखला न्यायचा राहून गेला. तिचा नवरा केविन श्रीरामपुरात पाण्याच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान चालवतो, म्हणजे तो गिऱ्हाइकांशी बोलतो आणि मोटरी दया भरते (आतली जळकी तार काढून नवी गुंडाळते). गेल्या वर्षी एका पिठाच्या गिरणीची सगळी वायरिंग तिने केली, पण परवाना नसल्याने कागदावर सही दुसऱ्याची लागली, आणि गिरणीवाला गावभर त्या दुसऱ्याचंच कौतुक सांगत फिरला. तेव्हापासून तिने वायरमनच्या परवान्याची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं होतं. फॉर्म त्याच दिवशी पाचच्या आत नगरच्या ऑफिसात पोचवायचा होता, दाखल्यासह. तो तिने प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी गुंडाळून आणला होता. केविन फाटकाशी मोटरसायकलवर बसून होता.

मुख्याध्यापक रंगनाथ खर्डे सर माणूस म्हणून प्रेमळ. त्यांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य भाऊसाहेब, हर्षल सर आणि मी.

समितीने प्रथम संगणकाचं ओरडणं मोजलं. अध्यक्षांना ते तीनदा ऐकू आलं, भाऊसाहेबांना चारदा. कटुता नको म्हणून इतिवृत्तात साडेतीन लिहिलं.

मग कारणाचा विचार झाला. नवी पट्टी नवी होती, शिवाय भेट होती. तिच्यावर संशय घेणं म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या भावनांवर संशय घेणं. सबब, दोष जुन्या वस्तूंत असला पाहिजे. मॉनिटर बदलला. वायर बदलली. कीबोर्ड बदलला, माऊस बदलला (माऊसचा यात संबंध काय, असं शिपाई मच्छिंद्र मामांनी विचारलं, ते सदस्य नसल्याने नोंद घेतली नाही). भिंतीवरचा विजेचा बोर्ड बदलला, शेवटी टेबल बदललं. अशा रीतीने सहा वस्तू तपासल्या आणि सहाही निरोगी निघाल्या. आमच्या संस्थेत इतका चांगला निकाल एकाही वर्गाचा लागलेला नाही.

जुनी पट्टी परत बसवून पाहू, असं हर्षल सर एकदा पुटपुटले. पण ती साडेदहालाच निर्लेखित, म्हणजे नोंदवहीतून बाद, झाली होती, आणि निर्लेखित वस्तू सेवेत परत घ्यायची तरतूद नाही.

भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढून हळूच दाखवलं. नऊ मिनिटांत देतो, म्हणाले. खर्डे सरांनी डोळे मिटून विचार केला.

"हाताने लिहिलेला मी मान्य करीन, भाऊसाहेब. पण मी मान्य केलेलं कोण मान्य करील?"

पेन परत खिशात गेलं. बारा वाजून गेले होते. दयाने घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं होतं आणि ती आता संगणकाकडे पाहत होती.

"सर," ती म्हणाली, "काल चालू हुता ना? मग आज काय बदललं, तेवढंच बघा की."

हा प्रश्न ऐनवेळच्या विषयांत घेऊ, असं अध्यक्षांनी तिला प्रेमाने समजावलं. ऐनवेळचे विषय शेवटी असतात, आणि त्याआधी चहा असतो.

चहा आला. समितीचं तोंड कपांकडे असताना दया उठली. तिने प्लग काढला, अंगातली वीज उतरावी म्हणून हात पत्र्याला टेकवला, संगणकाचं झाकण बाजूला केलं आणि आत वाकून पाहिलं. पट्टीच्या एका टोकाची खिटी बसली होती, दुसरी उभीच होती. तिने अंगठ्याने ते टोक दाबलं. कट्ट असा आवाज झाला, आणि भाऊसाहेबांच्या हातातला चहा इतिवृत्तावर सांडला.

प्लग लावून तिने बटण दाबलं. संगणक एकदाच ओरडला आणि पडदा उजळला.

हर्षल सर तिच्याजवळ गेले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी घाबरलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "जोरात दाबली तर मोडेल, आणि सगळ्यांसमोर मोडेल, असं वाटलं."

"मलाबी पहिली मोटर भरताना असंच झाल्तं," दया म्हणाली. "दाबायची सर. काय हुत न्हाई."

दाखला काढताना मात्र एक पेच उभा राहिला. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो आणि तो मुख्याध्यापकांनी भरायचा असतो. दयाच्या सोळा वर्षांपूर्वीच्या वर्तणुकीचा पुरावा दप्तरात सापडला नाही, म्हणून उपलब्ध पुरावा ग्राह्य धरावा लागला. तो आजचा होता: लेखी परवानगीशिवाय संस्थेच्या मालमत्तेचं झाकण उघडलं, समिती कार्यरत असताना. खर्डे सरांनी खूप विचार केला, आणि 'चांगली' ऐवजी 'समाधानकारक' भरलं. हर्षल सरांनी आपला विरोध नोंदवायला सांगितलं. मी नोंदवला नाही. पानावर चहा होता.

दयाने दाखला वाचला. त्या रकान्यावर तिची नजर जरा थांबली, मग तिने तो पिशवीत घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेली. मोटरसायकलने ती चारला नगरात पोचली. फॉर्म घेतला गेला. पुढे ती परीक्षा पासही झाली, आणि आता स्वतःच्या कामावर स्वतः सही करते.

आमचा संगणकही उत्तम चालतो. दाखल्याला सोळा मिनिटं लागतात, आणि संगणक सुरू करण्याच्या लेखी परवानगीला पंधरा.

वाचकांपैकी कोणाला दयावर अन्याय झाला असं वाटत असेल, तर त्यांनी कपाटातून आपला दाखला काढून पाहावा. वर्तणुकीसमोर 'चांगली' असेल. समितीतल्या आम्हा चौघांच्याही दाखल्यांवर तेच आहे.