आप्पांची अर्धी गोळी

कोकरे आप्पांना काही खायला दिलं, की ते आधी खाली टाकायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते दिवाळीची सुट्टी संपून कारखाना सुरू झाला त्या दिवशी. शिरूरजवळच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायची. फराळाचा डबा उघडून मी प्रत्येकाच्या हातावर एकेक बेसनाचा लाडू ठेवला. आप्पांनी तो सगळीकडून फिरवून पाहिला, हात छातीइतका वर नेला आणि लाडू टेबलावर सोडून दिला. लाडवाचे तुकडे झाले.

"तूप कमी पडलं, बाई," आप्पा म्हणाले. "भराव चांगला हाय, पर त्याला धरून ठिवणारं काय न्हाई."

मग त्यांनी तुकडे गोळा केले, चूर बोटानं टिपून घेतला आणि चव झकास असल्याचं सांगितलं. लाडू सासूबाईंनी वळले होते. हा अभिप्राय मी घरी कळवला नाही, कारण तूप बेतानं घाला हे त्यांना मीच सांगितलं होतं.

आप्पा गोळ्या दाबायच्या यंत्रावर होते. वरून भुकटी पडते, यंत्र ती दाबतं, खालून टपटप गोळ्या येतात. घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांच्या वेळी शेती आली आणि आप्पांच्या वाट्याला हे यंत्र. राहायला दौंडला, रेल्वे कॉलनीच्या मागे एका खोलीत. दौंड-शिरूर एसटीनं येणं-जाणं. माणूस उंच, किडकिडीत, आणि एवढ्या उंचीची लाज वाटावी तसा जरा वाकून चालणारा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोळी म्हणजे सगळं औषधच. तसं नसतं. रक्तदाबाच्या आमच्या गोळीत औषध इतकं थोडं, की नुसतं तेवढंच दाबलं तर गोळी मोहरीएवढी होईल आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातात सापडायची नाही. म्हणून त्यात दुधापासून काढलेली साखर, मक्याचा स्टार्च, लाकडाच्या लगद्यापासून केलेलं पांढरंशुभ्र सेल्युलोज असं काही ना काही मिसळतात. स्टोअरमध्ये या सगळ्यांची मोठमोठी इंग्रजी नावं होती. आप्पा सगळ्यांना मिळून एकच नाव वापरायचे, भराव.

"औषध रोग बरा करतं," ते म्हणायचे, "पर गोळीला गोळी कोण ठिवतं? भराव."

दुनियेकडे ते याच नजरेनं बघायचे. साहेबांचं प्रजासत्ताक दिनाचं भाषण झालं, की माझ्या खिडकीशी येऊन निकाल सांगायचे. "औषध येवढंसं. बाकी भराव. आन् भराव बी स्टार्चचा, फुकर मारली तर उडंल." ऑफिसात नवा कारकून आला. सगळे त्याला राबवत आणि तो हसतमुख. "पोरगं सेल्युलोजचं हाय," आप्पा म्हणाले. "दाबाल तेवढं घट्ट हुतंय." एकदा मी धीर करून माझ्याबद्दल विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्यात भरावच न्हाई, बाई. यादीतलं तेवढं बोलता. अवघड हाय."

हे कौतुक होतं का काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गोळी मजबूत आहे की नाही हे तपासायला कारखान्यात यंत्रं होती. एकात गोळी चिमट्यात धरून फुटेपर्यंत दाबतात. दुसऱ्यात काचेसारख्या ढोलात गोळ्या गोल गोल फिरवतात आणि किती झिजल्या ते वजन करून बघतात. आप्पांचा या ढोलावर काडीचा विश्वास नव्हता.

"यष्टी काय गोल फिरती व्हय?" ते विचारायचे. "यष्टी आदळती."

म्हणून त्यांची स्वतःची परीक्षा होती. कारखान्यातली गोळी बाहेर न्यायला बंदी, तेव्हा दौंडच्या दुकानातून आमच्याच गोळ्यांची पट्टी पदरचे पैसे देऊन विकत घ्यायची, गोळ्या सोडवायच्या, मधल्या रेघेवर मोडायच्या, अर्धुकं कागदाच्या पुडीत बांधून किल्ल्यांबरोबर शर्टाच्या खिशात टाकायची आणि एसटीत मागच्या चाकावरच्या सीटवर बसायचं. सकाळी कामावर आले, की पुडी पाटणकर मॅडमच्या टेबलावर उघडायची. पाटणकर मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

"बघा. निम्मा भुगा."

"आप्पा, गोळी पट्टीत राहण्यासाठी केलेली असते. अर्धी करून खिशात घालून फिरण्यासाठी नाही."

"लोकं फिरत्यात की."

"कोण फिरतं? तुमच्याशिवाय कोण?"

यावर आप्पा पुडी गुंडाळून यंत्राकडे चालते व्हायचे.

कँटीनमध्ये त्यांच्या शेजारी बसायला कुणी राजी नसे. बटाटेवडा, बिस्किट, उकडलेलं अंडं, सगळं आधी टेबलावर पडायचं. अपवाद एकच. भाकरी. भाकरी ते कधी टाकत नसत. डब्यातून दोन्ही हातांनी उचलून घेत, तान्हं मूल घ्यावं तशी, आणि मुकाट्यानं खात. गावाकडचा माणूस, भाकरीचा मान राखतो, असा आम्ही आपला अर्थ लावला होता.

मग एकदा साहेबांनी भराव बदलून बघायला परवानगी दिली. स्टार्च कमी, सेल्युलोज जास्त, असा छोटा प्रायोगिक घाणा. आप्पांच्या अंगात वारं शिरलं. यंत्राचा दाब मॅडमनी लिहून दिला होता. आप्पांनी तो हळूच वाढवला. मॅडम चहाला गेल्यावर आणखी वाढवला. गोळ्या आल्या त्या चकचकीत, आणि टेबलावर टाकल्या तर खण्ण वाजून उडणाऱ्या. चिमट्याच्या यंत्राचा काटा शेवटपर्यंत गेला आणि गोळी तशीच. आप्पा नवरदेवासारखे उभे.

मॅडमनी गोळ्या कोमट पाण्याच्या यंत्रात सोडल्या. पोटात गेल्यावर गोळी विरघळते का, हे तिथे कळतं. जाळीची नळी पाण्यात वरखाली होत राहिली. आम्ही बघत राहिलो. गोळ्याही आमच्याकडे बघत राहिल्या. विरघळायचं नाव नाही.

"आप्पा," मॅडम म्हणाल्या, "ही गोळी पेशंटला औषध देणार नाही. पेशंटच तिला घेऊन हिंडेल."

"दौंडला पाठवा," यंत्रावरचा संपत म्हणाला. "रुळाखाली खडी कमी पडलीय म्हणत्यात."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. नळीतली एक गोळी काढून त्यांनी हातरुमालानं पुसली आणि अंगठ्यांनी रेघेवर मोडायचा प्रयत्न केला. मोडेना. तेव्हा ते पहिल्यांदा खट्टू झाले.

"फुटू नये असं न्हाई माझं," ते म्हणाले. "मधोमध फुटावी. आन् मंग फुटू नये."

मॅडमनी त्यांना ओरडायचं ते ओरडून घेतलं, पण पुढे दाब बेताचा ठेवून तोच नवा भराव कायम झाला. गोळी मोडायची मधोमध, आणि अर्धुकं टिकायचं. बहुतेक वेळा तरी. आप्पा खिडकीशी येऊन पोत्यांची चौकशी करायचे, जशी लोक पाहुण्यांची करतात. "सेल्युलोज आलं का? पावसात भिजलं तर न्हाई?"

यानंतर साहेबांनी एक बैठक बोलावली. बाजारात रक्तदाबाच्या अर्ध्या ताकदीच्या गोळीला मागणी होती. डॉक्टर बऱ्याच पेशंटना अर्धीच गोळी सांगतात, ते मोडत बसतात. त्यापेक्षा आपण बारकी गोळी काढू. मोठीही चालू राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतून आप्पा उभे राहिले.

"बारकी काढू नका, साहेब."

"का हो, आप्पा? सोय होईल लोकांची."

"मोठी मोडती की चांगली आता. भराव येवढा चांगला जमलाय."

"पण मोडायची कशाला, मी म्हणतो?"

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. "मोडायला लागती," एवढंच म्हणाले आणि बसले. संपत कुजबुजला, "आप्पाच्या हाताला चाळा न्हाई राहणार." बैठकीत हशा झाला. मी टिपणात 'एक सूचना आली, विचार झाला' असं लिहिलं.

बारकी गोळी बाजारात गेली त्या दिवशी कंपनीनं पेढे वाटले. आप्पांनी पेढा घेतला आणि सरळ तोंडात टाकला. खाली टाकला नाही. मला ते बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवडी सुट्टीला मला दौंड रस्त्यावरच्या निमोण्याला लग्नाला जायचं होतं. शिरूरहून दौंडच्या एसटीत चढले, तर आत आप्पा. इस्त्रीचं धोतर, धुतलेली टोपी. मागच्या चाकावरची सीट. खिशावर हात.

"तुम्ही इकडं कुठं?"

"निमोण्याला. दर सुट्टीला असतो. काल शिरूरलाच मुक्काम केला."

"नातेवाईक आहेत?"

त्यांनी खिशातली पुडी चाचपली. मग म्हणाले, "मंडळी हायेत."

आप्पा एकटे, एवढंच आम्हाला माहीत होतं. एकटं असण्याचे प्रकार असतात, हे कुणी विचारात घेतलं नव्हतं.

त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. बायको, चंद्राबाई, बरीच वर्षं भावाकडे निमोण्याला राहते. भांडण झालं ते भाकरीवरून. दौंडच्या खोलीवर तिचा भाऊ पहिल्यांदा जेवायला आला होता. आप्पा तेव्हा यंत्रावर नवे. डोक्यात दुसरं काही नाही. तिनं गरम भाकरी ताटात वाढली आणि आप्पांनी ती उचलून, भावाला गंमत दाखवायला, शहाबादी फरशीवर टाकली.

"म्हणलं, बघा पावणं, चिरती का. चिरली. मी हसलो." आप्पा थांबले. "ती न्हाई हसली. भावाबरोबरच गेली."

"एवढ्यावरून?"

"माहेरच्या माणसापुढं बाईची भाकरी जमिनीवर टाकली, बाई. येवढं काय म्हणता?"

पुढे दोघांनाही रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी दोघांनाही अर्धीच गोळी सांगितली. खुरपून खुरपून तिची बोटं आखडलेली. मोडायला गेली, की चुरा. निरोप आला. तेव्हापासून आप्पा आठवड्याच्या गोळ्या मोडतात. एक अर्धुकं स्वतःचं, दुसरं पुडीत, पुडी निमोण्याला.

"बोलतात का तुमच्याशी?"

"पुडी उघडून बगती. शाबूत असली तर 'बरं' म्हणती. भुगा असला तर 'भुगा' म्हणती."

"आणि?"

"आन् काय? मी जातो."

मोडून सुटी ठेवलेली गोळी ओल धरते, हे सांगायची माझी सवय जिभेवर आली होती. मी ती गिळली.

फाट्यावर आम्ही उतरलो. लग्नघर त्याच वाटेला होतं. एका घरासमोर आप्पा थांबले. ओट्यावर शेंगा फोडत एक ठेंगणी, काळीसावळी बाई बसली होती. तिनं मला पाहून मान हलवली. आप्पांना पाहून नाही.

आप्पांनी पुडी ओट्यावर ठेवली. मग दुसऱ्या खिशातून बारक्या गोळ्यांची कोरी पट्टी काढली आणि तीही पुडीशेजारी ठेवली. माणूस लबाडी करू शकला असता. निमोण्यात कुणी सांगितलं असतं तिला?

"ही नवी निघालीय," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "मोडायला लागत न्हाई. न्हावरे गावच्या दुकानात बी मिळंल. भावाला सांग, आणून दील."

चंद्राबाईंनी पट्टी उचलली. आखडलेल्या बोटांनी खटपट करून एक गोळी सोडवली. तळहातावर घेऊन पाहिली. आणि मग हात छातीइतका वर नेऊन ती ओट्याच्या दगडावर सोडून दिली.

आयुष्यात पहिल्यांदा आप्पा एखादी गोळी फुटावी म्हणून बघत होते, असं मला वाटलं. गोळी फुटली नाही. टणकन उडून त्यांच्या वहाणेपाशी येऊन पडली.

"लई कडक हाय," चंद्राबाई म्हणाल्या. "ही नको मला. मोडूनच आणा."

"मोडलेलीचा भुगा हुतो कवाकवा."

"हुऊ द्या."

त्यांनी पुडी कनवटीला लावली, पट्टी ओट्याच्या कडेला सरकवून दिली आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं. आप्पा क्षणभर उभे राहिले. ओट्यावर जागा भरपूर होती. मग त्यांनी वाकून ती एक गोळी उचलली, पट्टी खिशात घातली आणि वळले.

लग्न आटोपून मी फाट्यावर आले तेव्हा आप्पा तिथेच होते. दौंडची गाडी मघाशीच गेली म्हणाले, चुकली. शिरूरकडची माझी गाडी लांबवर दिसू लागली. मी लग्नातला लाडू पुढे केला. त्यांनी तो मोडून निम्मा मला परत दिला.

"बसा न्हाई म्हणली," आप्पा म्हणाले.

गाडी येऊन थांबली. मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"पर आणा म्हणली."