अठराशे सत्त्याण्णव सालचं स्थळ

शनिवारी सकाळी महिपतीच्या नव्याकोऱ्या घराला शेण फासलं जात होतं, आणि फासणाऱ्याच्या हातात चक्क ब्रश होता.

"आरं, हातानं सारवत्यात," महिपतीची बायको अनिता पायरीवरून म्हणाली. तिला बघवेना.

"काकू, हे शेण नाहीये. भुसा आणि रंग आहे. वाससुद्धा येत नाही."

"वास न्हाई तर मंग शेण कशाला म्हनायचं?"

कुसगावात एवढं देखणं घर दुसरं नव्हतं, असं महिपतीचं मत होतं आणि ते तो न विचारताही सांगत असे. घर बांधलं होतं पोराच्या लग्नासाठी. आकाश बत्तीस वर्षांचा झाला होता, लोणावळ्याच्या एका हॉटेलात सुपरवायझर होता, निर्व्यसनी होता, आणि तरीही तीन मुलींनी त्याला नाही म्हटलं होतं. पहिली म्हणाली, बाथरूम बाहेर आहे. दुसरी म्हणाली, घर कौलारू आहे. तिसरीने स्वयंपाकघर बघितलं आणि चहा न घेताच निघून गेली. महिपतीने जुनं घर मुळासकट पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. आत दोन बाथरूम, ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर, तोंड दिसेल अशी फरशी, आणि बाहेरून गुलाबी रंग. आता कुणी नाही म्हणून दाखवावं, अशी सगळी तयारी होती.

आणि मग ते सिरियलवाले आले.

त्यांना घर नको होतं, अंगण हवं होतं. दगडी विहीर, फणसाचं झाड, मागे डोंगर, आणि विजेची एकही तार मध्ये नाही. दिग्दर्शिका शुभदामॅडम पुण्याच्या होत्या. त्यांनी महिपतीला कथा सांगितली. प्लेगचं वर्ष, घाटात एका गोऱ्या साहेबाचा खून, आणि त्याचा तपास.

"आमच्या गावात खून झालाता?" महिपतीने डोळे मोठे केले.

"साल खरंय, प्लेग खराय. खून आम्ही घातलाय. निम्मा इतिहास, निम्मी कल्पना."

"आन आमचं घर?"

"घर झाकू. शुक्रवार-शनिवार शूटिंग. शनिवारी संध्याकाळी सगळं धुऊन, जसंच्या तसं करून देऊ."

रविवारी बेगडेवाडीचे पाहुणे घरदार बघायला येणार होते. महिपतीने हिशेब केला. शनिवारी धुणार, रविवारी पाहुणे येणार, आणि आल्या-आल्या आपण सहज म्हणणार, कालच इथं सिरियल झाली. पाहुणे गार पडतील. हा हिशेब त्याला इतका आवडला की त्याने अनितालाही विचारलं नाही. वर प्लेगने गांजलेला गावकरी म्हणून स्वतःचं आणि तिचं नावही देऊन टाकलं.

शुक्रवारी विहिरीजवळ मुडद्यावर पडून नटी रडत असताना महिपतीच्या बंडीतला फोन खणखणला. शुभदामॅडमनी घरातल्या सगळ्यांचे फोन गोळा करून पेटीत घातले आणि पेटी गाडीत ठेवून गाडीला कुलूप लावलं.

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकलचा ब्लॉक असल्याचं बेगडेवाडीच्या कैलासरावांना शुक्रवारी रात्री कळलं. त्यांनी महिपतीला अकरा वेळा फोन लावला. कैलासराव देहूरोडच्या डेपोत स्टोअरकीपर होते, तीस वर्षांत त्यांनी माल बघितल्याशिवाय एका कागदावर सही केली नव्हती. न सांगता कुणाच्या दारात जाणं त्यांना पटेना. पण त्यांची थोरली बहीण आक्काबाई म्हणाली, "उद्याच जाऊ. न सांगता गेलं की खरं घर दिसतं."

शनिवारी अकराच्या सुमाराला रिक्षा महिपतीच्या दारात थांबली. कैलासराव उतरले, आक्काबाई उतरल्या, आणि मागून कैलासरावांची मुलगी सृष्टी उतरली. नांदायचं मला आहे, तर घर मीच बघणार, असं तिने घरी ठणकावून सांगितलं होतं. कैलासरावांनी फोनमधला गुलाबी घराचा फोटो काढला आणि समोर बघितलं. समोर एक शेणाने सारवलेलं, गवताने शाकारलेलं खोपट होतं. अंगणात फाटक्या बंडीतला एक माणूस तोंडाला राख फासून बसला होता.

"ओ भाऊ, महिपतराव कुटं ऱ्हात्यात?"

त्या माणसाने वर बघितलं. बायोडेट्याबरोबर आलेल्या फोटोतल्या मुलीच्या बापाच्या मिशा त्याने लगेच ओळखल्या. "मीच महिपती," तो कसाबसा म्हणाला. "या, या. पर हे खरं न्हाई. हे शूटिंग हाय. हितं अठराशे सत्त्याण्णव साल चाललंय."

"बेगडेवाडीत सालं लय फुडं गेल्यात," आक्काबाई म्हणाल्या.

तेवढ्यात ठिगळाच्या लुगड्यातली अनिता पळत आली आणि पाहुण्यांना बघून तिने कपाळावर हात मारून घेतला. "बसा बसा. सोफा आनते. सोफा गोठ्यात हाय."

"गोठ्यात?"

"फ्रिज बी तितंच हाय, टीव्ही बी."

"मंग गुरं घरात का?" आक्काबाईंनी विचारलं.

महिपतीने निम्मा इतिहास आणि निम्मी कल्पना हे समजावायचा प्रयत्न केला. आक्काबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यात काय नवं? पोरांचे बायोडेटे बी तसेच असत्यात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि भिंत खरवडायला घेतली. शेणाचा पोपडा उडाला, आणि आत बोटभर गुलाबी दिसलं.

"कैलास, आत रंग हाय रं!"

"अहो आजी! सेट आहे तो!" ब्रशवाला किंचाळला.

"असू दे, मी निस्तं बगतीया." तोवर कैलासरावांनी बुटाच्या टाचेने ओसरीवरची माती सारली होती. खालची फरशी चकाकली. त्यांनी वाकून बोटाने टकटक केलं, कान लावला, आणि समाधानाने मान हलवली. महिपतीच्या जिवात जीव आला. आणखी दोन हात माती खरवडली असती तर स्थळ जमलंच होतं.

"बरं, पोरगा कुटाय?" आक्काबाईंनी विचारलं.

पोरगा तेव्हाच फणसाखालून आला. हातापायांत साखळदंड, कपाळावर रक्त, अंगात चिंध्या, आणि दोन्ही बाजूंना दोन शिपाई. खुनी आणि हवालदार ही कामं करणारे नट एकाच गाडीतून मुंबईहून निघाले होते आणि शनिवारच्या गर्दीत घाटात अडकले होते. घरात रिकामा दिसला म्हणून मॅडमनी आकाशला खुनी केलं होतं.

"ह्येनं काय केलंय?" कैलासराव दोन पावलं मागे सरले.

"सायबाचा खून," महिपतीच्या तोंडून निघून गेलं. "म्हंजी, खोटा. खोटा खून!"

सृष्टीने आकाशकडे नीट बघून घेतलं. आकाशने नमस्कार करायला हात जोडले, साखळदंड खळखळले, आणि तो लाजून लालबुंद झाला.

शुभदामॅडम मात्र कैलासरावांच्या मिशांकडे बघत होत्या. "काका, जरा वळता का? अगं बाई, हे तर हवालदार आहेत! ऊन डोक्यावर आलं की माझ्या सावल्या जुळत नाहीत. दहा मिनिटांचं काम आहे."

"मी? छ्या, छ्या. आमी पावनं हाओत," कैलासराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच शर्टाचं वरचं बटण काढू लागले. डेपोत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सलाम ठोकला होता. निळा डगला आणि पिवळी पगडी चढल्यावर त्यांची छाती अशी फुगली की दोन गुंड्या तुटल्या.

काम सोपं होतं. हवालदाराने उंबऱ्यात उभं राहून गरजायचं, खुन्याच्या थोबाडीत मारायची, आणि खुन्याने मान खाली घालून म्हणायचं, "व्हय सायेब, म्याच मारलं."

"या घरात खुनी लपलाय!" कैलासराव असे ओरडले की शेजारपाजारची दारं उघडली.

"ऐका," आक्काबाई अनिताला म्हणाल्या. "पोरीचा बाप सोताच्या तोंडानं सांगतोय. अशा घरात पोरगी देत्यात व्हय?"

पुढच्या क्षणी आकाशच्या गालावर सणसणीत आवाज झाला. थोबाडीत खोटी मारायची असते, हे कैलासरावांना सांगायचंच राहून गेलं होतं. आकाशच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "व्हय सायेब, म्याच मारलं."

"छान! पण काका, हात लागू द्यायचा नाही. पुन्हा."

दुसऱ्यांदा हात गालापासून हातभर लांबूनच गेला. तिसऱ्यांदा घड्याळ मनगटावर दिसलं. चौथ्यांदा अंदाज चुकला आणि पुन्हा खरी बसली, तेव्हा प्लेगने गांजलेली अनिता "आवो पावनं, जरा दमानं!" असं ओरडत मध्ये घुसली. पुढच्या दोन वेळी कैलासराव वाक्य विसरले. महिपती राख फासलेल्या तोंडाने हे सगळं बघत होता. त्याला मनापासून रडू येत होतं. ज्या घरासाठी एवढा जीव काढला ते खोपट दिसत होतं, आणि ज्याला हौसेने जावई म्हणून दाखवायचं त्या पोराला सासराच बडवत होता. आपणच हे अंगावर ओढवून घेतलं, हे त्याला लख्ख कळत होतं. आकाश मात्र दर वेळी तितक्याच नम्रपणे कबूल करत होता, "व्हय सायेब, म्याच मारलं."

सातव्या वेळी मॅडम खूश झाल्या आणि जेवणाची सुट्टी झाली.

अनिताने गोठ्यातून गॅस आणून घाईघाईने चहा टाकला. कप सापडेनात, म्हणून शूटिंगच्या पितळी वाट्यांतून सगळ्यांना दिला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कैलासरावांना आकाशच्या सुजलेल्या गालाकडे बघवत नव्हतं.

"घर झाकल्यालं, पोरगं बेडीत," आक्काबाईंनी वाटी हातात धरून निकाल द्यायला सुरुवात केली. "आता काय बगायचं ऱ्हायलं? उठा."

"आक्का, उद्या समदं धुतल्यावर या की," महिपती काकुळतीला आला.

"उद्या ब्लॉक हाय."

"आत्या, थांब," सृष्टी म्हणाली. ती आकाशकडे वळली. "दोनदा खरी बसली. राग न्हाई आला?"

"आला ना," आकाश म्हणाला. "पण त्यांना कुणी सांगितलंच न्हवतं. त्यांचा काय दोष?"

सृष्टीने मान हलवली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मला पसंत हाय."

"आगं, अजून सैपाकघर बगितलं न्हाईस!" आक्काबाई ओरडल्या.

"ऱ्हाऊ दे. मी तळेगावच्या कारखान्यात माल तपासते. चूक दाखवली की समोरचा गडी पहिलं काय म्हणतो? मी न्हाई केलं. चार वर्षं हेच ऐकतीया. ह्यांनी न केलेला खून सात डाव कबूल केला, आन एकदाबी आवाज चढवला न्हाई. असा नवरा मला तळेगावात मिळाला न्हाई, बेगडेवाडीत मिळाला न्हाई."

"पर ती सिरियल व्हती, पोरी!"

"गाल खरा व्हता, आत्या."

महिपतीला वाटलं, उठून पोरीच्या पाया पडावं, पण सासऱ्याने तसं करायचं नसतं म्हणून तो जागीच बसून राहिला. आकाश साखळदंडासकट उभा राहिला आणि कुठे बघावं ते न कळून फणसाकडे बघू लागला. अनिताने डोळे पुसले, पदर सावरला, आणि इतका वेळ हातात असलेल्या चहाचा पहिला घोट घेतला. लगेच तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हात्तिच्या! चहात साखर टाकायची कोन इसरलं?"

चहा तिनेच केला होता, हे सगळ्यांनी बघितलं होतं. महिपतीने नेहमीप्रमाणे दोष स्वतःवर घ्यायला तोंड उघडलं, पण त्याच्याआधी, त्या घरात आयुष्यात पहिल्यांदाच आलेले कैलासराव हवालदाराची पगडी काढून मान खाली घालत म्हणाले, "मीच इसरलो."