भेंडीच्या टोप्या

जठारपेठेतले आमचे शेजारी रफीकचाचा लेडीज टेलर होते आणि भेंडीच्या कळ्यांना टोप्या शिवायचे. उद्या फुलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, तिला मलमलची टोपी घालून दोऱ्याने सैल बांधायची. फूल मिटलं की टोपी काढायची आणि देठाला लाल दोरा. लाल दोऱ्याची भेंडी बियाण्याची. तिला कोणी हात लावायचा नाही.

इकडे बायकांचे ब्लाउज दोन-दोन महिने लटकलेले. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून मी विचारायची, "चाचा, माह्या भावाचं लग्न होऊन गेलं. आता बारशाले तरी देता का ब्लाउज?"

"देतो ना ताई. ब्लाउज दम धरते. कळी नाही धरत."

'मापात' हा त्यांचा शब्द. चहा मापात, ऊन मापात, नवा जावई मापात नाही. माझी भेंडी तर मुळीच मापात नव्हती. मी दरवर्षी दुकानातलं पाकीट पेरायची. गुळगुळीत, हिरवीगार, एका उंचीची भेंडी यायची. चाचांची फिकट, जाड, आठ धारांची, आणि लव अशी की तोडताना बोटं चुणचुणावीत. शेतीतलं त्यांना काही कळत नसे. रोपांमधलं अंतर ते गळ्यातल्या टेपने मोजत.

एकदा ब्लाउज घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून मी थेट त्यांच्या घरात शिरले. चाचांचे थोरले भाऊ जेवायला बसले होते. लागोपाठ कापूस बुडाला तेव्हा अंजनगाव सुर्जीकडची शेती सोडून ते इथे आले होते. त्या वर्षांत तिकडची बरीच माणसं अशी उठून आली. हे आले ते रुमालात भेंडीचं बी बांधून. घराबाहेर पडत नसत. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी भाजीतली एक फोड उचलली, बोटांत फिरवली. धारा मोजत होते.

"आपलीच हाये?"

"आपलीच, भाईजान."

मग जेवायला लागले.

चाचा मला ओसरीवर घेऊन आले. "पहिल्या साली टोप्या नोत्या. मधमाशी काय करते, मले काय माहीत? दुसऱ्या साली सारी भेंडी गुळगुळीत निघाली. भाईजाननं ताट सारलं. म्हणे, शेत गेलं, आता बी पण गेलं. दोन दिवस जेवले नाई. चार झाडं तेवढी बरोबर निघाली, म्हणून वाचलो. तवापासून टोप्या."

मधमाशी कोणाच्या भेंडीचे पराग घेऊन आली, ते त्यांनी सांगितलं नाही. भिंतीलगत दुसरी भेंडी माझीच होती.

घरी येऊन मी अख्खा वाफा उपटला.

संध्याकाळी चाचा भिंतीशी आले. "काहून उपटली ताई?"

"अळी पडली."

ते वाकून ढिगाकडे पाहत राहिले. हिरवीगार झाडं, अळी कुठेच नाही. "मापात केलं," एवढंच म्हणाले आणि टोप्या घालायला गेले.

ब्लाउज दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. बाही सैल झाली होती. मी तसाच घातला. भेंडी वाळल्यावर त्यांनी बियांची एक पुडी भिंतीवर आणून ठेवली.

आता दोघेही भाऊ नाहीत. भिंतीपलीकडचे नवे शेजारी पाकिटातली भेंडी पेरतात, म्हणून संध्याकाळी मीच टोप्या घेऊन अंगणात जाते. शिवणात माझा हात कच्चा. माझी एकही टोपी मापात नसते. कळ्या चालवून घेतात.