भिंगसाहेबांची नवी खुर्ची

ऑडिट फर्म सोडून पंपांच्या कारखान्यात रुजू व्हायला निघालेल्या साहेबांना बायकोने दारातच बजावलं, "आता तिथं कुणावर डोळे वटारू नका. आपल्याच घराची कुणी झडती घेतं का?"

साहेबांनी मान डोलावली. उभा जन्म त्यांनी लोकांच्या कपाटांत डोकं घालण्यात काढला होता. याच कारखान्यात दरवर्षी तपासणीला जाऊन त्यांनी इतक्यांना घाम फोडला होता, की त्यांचं नावच भिंगसाहेब पडलं. यंदा भंगाराच्या हिशेबात काळंबेरं दिसलं, तोच मालकांनी खांद्यावर हात ठेवला, "तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवाय!" अखेर कुणीतरी पारख केली, या आनंदात साहेबांनी तो अहवाल अर्धवट टाकून राजीनामा लिहिला होता.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना पाहिलं आणि सलाम करायच्या आधी आत फोन केला. साहेब पोचेपर्यंत स्टोअरकीपर शर्ट खोचून उभा.

"यंदा परत आलात, साहेब?"

"अहो, तपासायला नाही आलो. मी आता तुमच्यातलाच!"

इथंच घात झाला. स्टोअरकीपरचा चेहरा पांढराफटक पडला.

"गोडीगुलाबीनं काढून घेताय ना? घ्या, सांगतोच. तांब्याची तार भंगारात घालून मीच बाहेर पोचवायचो."

"मी विचारलं का तुम्हाला?"

"तेच तर! न विचारताच तुम्हाला कळतं. साहेब, पोरगी शिकतेय हो माझी..."

साहेबांनी तिथून पळ काढला. पण बातमी त्यांच्या पुढे धावली. स्टोअरवाल्यानं तोंड उघडलं म्हटल्यावर इतरांचं धाबं दणाणलं. डिस्पॅचवाला आला, कॅशियर बाई रडत आल्या. साहेब "मला काही सांगू नका" म्हणून हात जोडत राहिले, आणि ते हात बघून लोक आणखीच घाबरले. जेवायला साहेब टेबलाशी बसले, तर सगळं टेबल उठलं. साहेबांनी डबा तसाच झाकला. पूर्वी अहवाल लिहून मोकळं होता यायचं. पुढे कुणाचं काय झालं, ते बघायला कधी थांबावं लागलं नव्हतं.

शेवटी ते मालकांकडे गेले. "कुणाला काढू नका. पण ती तार..."

"कुणाच्या सांगण्यावरून जायची, ते विचारलंत का त्याला?" मालक शांतपणे म्हणाले.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"विचारू नका. आता आमचं मीठ खाताय." मालकांनी घंटी वाजवली. "यांना यांची खोली दाखव रे."

शिपायाने त्यांना वरच्या मजल्यावर, पार टोकाच्या खोलीत नेलं. आत तीन टेबलं होती. दोन टेबलांशी टाय लावलेले दोन गृहस्थ बसले होते. थोरल्याला साहेबांनी लगेच ओळखलं. फर्ममधले त्यांचे जुने वरिष्ठ! ते कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले म्हणून अख्खं ऑफिस कितीतरी दिवस जळत होतं.

"सर, तुम्ही इथं?"

"ये, बस. तुला काय सापडलं होतं?"

"भंगार."

"मला कच्चा माल. ह्याला पगारपत्रक." वरिष्ठांनी ड्रॉवर उघडून पत्त्यांचा कॅट काढला. "बरं झालं आलास. दोघांत डाव रंगत नव्हता."