सुनेत्रा मगदूम यांच्या लक्षाची साक्ष

सोमवारी सकाळी सव्वादहाला सुनेत्रा मगदूम यांचं लक्ष नगरपालिकेच्या खिडकीतून उतरून बाजाराकडे चालू लागलं, तेव्हा शिपाई नेहमीप्रमाणे वेळ लिहून चहा आणायला गेला. लक्ष जाण्यात नवीन काही नव्हतं. पण ते नसताना सुनेत्राबाईंनी बारा दिवसांच्या एका बाळाची नोंद मृत्यूच्या रजिस्टरात केली, आणि दुपारी बाळाची आजी बाळालाच घेऊन टेबलापुढे हजर झाली.

ही तिसरी चूक. आता चौकशी, आणि चौकशीनंतर बहुधा घरी. बेचाळिसाव्या वर्षी बाईंना दुसरी नोकरी कोण देणार! उपाय काही कमी झाले नव्हते. मागच्या महिन्यात ऑफिसने लक्षाला पकडून आणलं, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि फायलीच्या नाडीने खुर्चीला बांधून ठेवलं. ते दिवसभर नाडीची गाठच बघत बसलं. कामाच्या नावाने बोंब.

चौकशीला हेडक्लार्क शिवगोंडा बिरनाळे बसले. निवृत्तीला अकरा महिने उरलेला, कधी कुणाला हसताना न दिसलेला माणूस. त्यांनी आधी लक्षालाच साक्षीला बोलावलं. ते चौथ्या हाकेला आलं; वाटेत बांगड्यांच्या दुकानात थांबलं होतं.

“बाई आळशी आहेत, असं लोकांचं म्हणणं आहे. खरं?”

“आळशी?” लक्ष म्हणालं. “साहेब, शाळेपासनं पळायचं मी आणि अंगठे धरायच्या ह्या. माझ्यामागं धावून धावूनच दमल्यात बाई.”

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. आजवर त्यांच्या बाजूने असं कोणी बोललंच नव्हतं.

बिरनाळ्यांनी जबाब लिहून घेतला. मग बाईंनी पर्समधून एक कागद काढून पुढे केला. त्यावर डॉक्टरीणबाईंनी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची अडचण, असं लिहिलं होतं, आणि खाली, गोळ्यांचं पुढे बघू, आधी कामाची पद्धत बदलून पाहू, असंही.

“मग तुमची मागणी काय?” साहेबांनी लक्षाला विचारलं.

“वीस मिनटं एका जागी ऱ्हाईन. मग पाच मिनटं पाय मोकळे करू द्या. ढीग एकदम दावू नका, एकेक कागद द्या. आणि शेजारी कुणीतरी गप आपलं काम करत बसावं. बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं.”

“हरकत दिसत नाही,” साहेब म्हणाले.

टेबलावर गजराचं घड्याळ आलं. लक्षाला पाच मिनिटांचा पास मिळाला. शेजारची खुर्ची साहेबांनी स्वतःच घेतली. लक्ष आवारातल्या भोपळ्याच्या वेलापर्यंत जायचं आणि परत यायचं; कधी उशीर झालाच तर कोणी ओरडायचं नाही. दोन आठवड्यांत तुंबलेल्या नोंदी संपल्या, आणि बाळाचा जन्मदाखला बाई स्वतः घरी जाऊन देऊन आल्या.

शुक्रवारी त्या आभार मानायला साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, माझं लक्ष सातवीत असताना गेलंय. तळ्याकडं बघता बघता गेलं, ते परत आलंच न्हाई. इतकी वर्षं नुसत्या सह्यांवर काढली. आता ते परत मिळायला अर्ज केला तर चालंल?”

सुनेत्राबाईंनी कोरा अर्ज काढला, हाताने सगळा झाकला आणि फक्त नावाची ओळ त्यांच्यापुढे धरली.

“आधी एवढंच लिवा, साहेब,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून गप आपलं काम करत बसल्या.