नथूनानांचं जोतं

नथूनानांना नवीन माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत नाहीत. गळ्यातली टेप काढतात, त्याला गल्लीतल्या विजेच्या खांबाला टेकवून उभं करतात आणि पुराचं पाणी त्याच्या कुठपर्यंत येईल ते सांगतात. "छातीलोंग," ते म्हणतात. किंवा, "तू वाचशी भाऊ, हनुवटीलोंगच शे." मग टेप पुन्हा गळ्यात जाते आणि नेहमीचं वाक्य येतं, "माप ते माप शे!"

त्या खांबावर नगरपालिकेने तांबडा पट्टा मारलाय. मोठ्या पुरात पाणी इथवर येईल, अशी ती खूण. बाकीची गल्ली त्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवते आणि नाना ओलं फडकं घेऊन त्या खरवडून काढतात. मागे शेजारच्या मुलीला बघायला अमळनेरचे पाहुणे आले होते. मुलगा गाडीतून उतरतो न उतरतो तोच नानांनी त्याला खांबाला टेकवला. "पोऱ्या चांगला शे," ते मुलीच्या बापाला सगळ्यांदेखत म्हणाले, "पन पट्टाना खाले शे. इचार करा." लग्न झालं. पण तो जावई अजूनही गल्लीत पलीकडच्या टोकाने शिरतो.

नाना चाळीसगावातले जुने शिंपी. उभा जन्म बायकांचे ब्लाऊज शिवण्यात गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतेला कापड मार्केटात आहे, तो दर सणाला फोन करून 'बाबा, इकडे या' म्हणतो. नाना म्हणतात, "तठे तापी शे. तठला पट्टा कोठे शे ते माले माहीत नही."

मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात लिपिक आहे आणि नानांपासून तिसऱ्या घरात राहतो. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या नशिबी येऊ नयेत. दिवसभर खिडकीशी लोक तेच विचारतात, मी तेच सांगतो. नदीच्या बाजूने आधी निळी रेषा, तिच्या आत नवीन बांधकाम नाही. पुढे लाल रेषा, म्हणजे खांबावरच्या पट्ट्याची पातळी. दोन्हींच्या मध्ये असाल तर परवानगी मिळेल, पण घराचं जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागेल. नुसती डागडुजी असेल तर जोतं आहे तिथे राहू द्या. हे इतक्यांदा सांगितलंय की बायकोने भाजी काय करू विचारलं तरी तोंडात आधी जोतंच येतं. आणि हे सगळं आटोपून घरी यावं, तर नाना माझ्या दारात बसलेले. "भाऊ, त्या पाटीलनी उंबरा नवा बसाडा. जोतं वर लिधं का?"

आता सुमनअक्काबद्दल सांगायला हवं. अक्का समोरच्या पत्र्याच्या खोलीत राहतात, एकट्याच. नानांपेक्षा वयाने मोठ्या. नानांच्या ब्लाऊजना हूक लावायचं, काजं करायचं काम वर्षानुवर्षं त्यांचं. रोज संध्याकाळी त्या नानांच्या ओट्यावर बसायच्या, मांडीवर हुकांचा डबा, आणि दोघांचं भांडण चालायचं. विषय कोणताही चालत असे. नाना नवऱ्यासारखे ऐकून घेत नसत आणि अक्का गिऱ्हाइकासारख्या गप्प बसत नसत, त्यामुळे आमची करमणूक व्हायची. शिवणकाम पुढे जवळजवळ थांबलं, तरी अक्का यायच्या. डब्यातले हूक बाहेर काढायचे, गंज पाहायचा, परत आत टाकायचे.

मागे नदीला पूर आला, त्या सकाळी अक्का नानांकडेच होत्या. पाणी बघता बघता गल्लीत शिरलं. नानांनी अक्कांना कापड बेतायच्या टेबलावर चढवलं आणि स्वतः खाली पाण्यात उभे राहिले, एका हाताने अक्कांचा दंड धरून आणि दुसऱ्या हाताने टेबलाच्या पायाला टेप लावून. पाणी टेबलाच्या फळीला लागलं तेव्हा कुठे थांबलं. मागची मातीची भिंत बसली, मशीन चिखलात गेलं. अक्का नंतर सगळ्या गल्लीला सांगत फिरल्या, "मी मराले टेकेल नि हाऊ पानीले टेप लावस!" आम्ही खूप हसलो.

पुढे सगळ्या गल्लीने शहाणपणा केला. भिंतीला गिलावा मारला, फरशा धुतल्या आणि 'डागडुजी' म्हणून मोकळे झाले. एकटे नानाच म्हणाले की मी घर नव्याने बांधणार, तेही नियमाने. परवानगी निघाली. जोतं लाल रेषेच्या वर हवं होतं, नानांनी त्यावर आणखी हातभर चढवलं. शिलाईत आयुष्यभर जास्तीचं कापड सोडलेला माणूस. मी म्हटलं, एवढं नको हो. म्हणाले, "धुवाले टाकं की कापड आकसस, भाऊ." जोतं कसं आकसेल, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

गवंड्याने मात्र वेगळंच विचारलं. "नाना, ओटा कोठे काढू?"

"नियममा ओटा नही," नाना म्हणाले.

आमच्याकडे ओट्याशिवाय घर म्हणजे मुकं घर. गवंड्याने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. घर उभं राहिलं. पुढे त्याच जोत्यावर दुकानाची नवी कोरी खोली आणि तिच्या भिंतीला चिकटून वर जाणारा अरुंद, उभा जिना. वास्तुशांतीला अक्का खाली उभ्या राहिल्या, मान वर करून पाहिलं आणि ओरडल्या, "तुन्हं घर शे का पानीनी टाकी रे? मन्हा गुडघा दुखतस. मी काई वर येवाव नही!" प्रसादाचा शिरा त्यांच्या खोलीत पाठवावा लागला.

त्यानंतर अक्का आल्याच नाहीत. नाना संध्याकाळी वर दारात खुर्ची टाकून बसत. खाली अक्का आपल्या उंबऱ्यात. एवढ्या अंतरावरून भांडायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून भांडण्यात दोघांनाही गोडी नव्हती. काही दिवसांनी भांडण बंद पडलं. नाना खांबाजवळही दिसेनासे झाले. खांबावर एका ब्युटी पार्लरची जाहिरात लागली, ती तशीच राहिली. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. दारात कोणी बसलेलं नसायचं, चहा निवांत मिळायचा. पण तो चहा बेचव लागायचा, हेही खरं.

एका रविवारी दुपारी नाना आले. मला वाटलं, आता कोणाचं तरी जोतं. मी डोळे मिटून घेतले.

"भाऊ," ते म्हणाले, "पायरी किती रुंद असू नये, हाई नियममा लिखेल शे का?"

मी डोळे उघडले. "नाही. पायरी तुमच्या जागेत असली म्हणजे झालं. रस्त्यावर नको."

"किती उंच असू नये?"

"नाना, तुमचं घर बांधून झालंय."

त्यांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "माले पानीमा पवता येस. लहानपनपाईन येस. अक्काले येत नही. तिनी खोली पट्टाना खाले शे. त्या दिन पानी अजून हातभर वर उनं असतं तर मी तिले कोठे ठेवतू? टेबलवर दुसरं टेबल नव्हतं." टेप सोडून ते म्हणाले, "मंग मी हाई घर कोनासाठे वर लिधं?"

सगळ्या गल्लीला खांबाला टेकवून मोजणारा हा माणूस. माप सगळ्यांचं घेतलं आणि एका बाईचे गुडघे तेवढे मोजायचे राहिले. अक्कांपर्यंत पोचायला पाण्याला किती उरलंय ते बघायला ती टेप लावली होती, हेही मला तेव्हा कळलं. आम्ही त्यावर इतके दिवस हसत होतो, याची लाज वाटली.

नानांनी दुकानाची खोली पाडली. नवी कोरी खोली! गवंडी दोनदा विचारून गेला. पाडलेल्या जागेत पायऱ्या बांधल्या, ठेंगण्या आणि ऐसपैस. लहान मूल रांगत चढेल इतक्या ठेंगण्या, आणि दोन माणसं पाय पसरून बसतील इतक्या रुंद. एका बाजूला धरायला लोखंडी पाइप. आमचे साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे काय? ओटे आहेत का एकावर एक?" मी म्हटलं, "पायऱ्या आहेत, साहेब. नकाशात पायऱ्याच लिहिलंय." साहेबांनाही घरी जायची घाई होती.

पहिल्या दिवशी नानांनी हुकांचा डबा खालच्या पायरीवर ठेवला आणि अक्कांच्या खोलीकडे पाठ करून बसले. अक्का आल्या. पायरीवर हात फिरवून पाहिला, बसल्या आणि म्हणाल्या, "फरशी गार शे. तुले काई अक्कल नही." भांडण सुरू झालं. माझ्या बायकोने आतून गॅस बारीक केला, ऐकू यावं म्हणून.

नाना आता पुन्हा माझ्या दारात येऊन बसतात, पाटलांच्या उंबऱ्याची तक्रार घेऊन. मी पुन्हा वैतागतो. खांबावरची जाहिरातही त्यांनी काढून टाकली. काल ऑफिसातून मरगळून येत होतो, तर अक्का पायऱ्यांपाशी उभ्या राहून ओरडत होत्या.

"डबा कोठे ठेवा रे? कालदिन तर आठे व्हता!"

"वर शे," नाना वरून म्हणाले. "तठे उजेड चांगला शे."

"रोज उजेड वरवर कसा जास रे तुन्हा?"

अक्कांनी पाइप धरला, नानांना, गुडघ्यांना आणि माझ्या नगरपालिकेला शिव्या घालत एक पायरी चढल्या, थांबल्या, दुसरी चढल्या. नाना टेप घट्ट धरून खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी खांबाशी उभा राहिलो, पाय दुखत होते तरी.

अक्का तिसऱ्या पायरीवर डब्याशेजारी बसल्या. वर अजून बऱ्याच आहेत. पावसाळ्यालाही अजून वेळ आहे.